बेटांवर अंडी असताना पाणी जपून चढवा : कालवा सल्लागार समितीला खुले पत्र

प्रति,
गोदावरी कालव्यांच्या कालवा सल्लागार समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
वन्यजीव विभागाचे अधिकारी, नाशिक,
तसेच गोदाकाठच्या पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी यांना

विषय : नांदूरमध्यमेश्वर जलाशयातील बेटांवर उन्हाळ्यात अंडी घालणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी पाण्याची पातळी स्थिर ठेवणे आणि बेटे राखणे याबाबत.

स. न. वि. वि.

हे पत्र मी पक्षीमित्र म्हणून लिहीत नाही. निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे, ती कालव्याच्या पाण्यावर आहे, आणि दर हंगामाला पाणी मागणीचा नमुना नंबर सात भरून, पाणीपट्टीची पावती जपून ठेवून मीही आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाळीने पाणी सुटण्याची, वाट पाहतो. एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग फुटायला पाणी लागतं. छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीत पुढच्या मालाची सूक्ष्म घडनिर्मिती होते. ती झाली नाही, तर ऑक्टोबरात कितीही फवारण्या करा, वेलीवर नुसता पाला दिसतो. तेव्हा उन्हाळी आवर्तन कमी करा, असं माझ्यासारखा माणूस मागेल कसा? हे आधीच सांगून टाकतो, कारण बैठकीत पक्ष्यांचं नाव काढलं की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, "आधी माणसं तर जगू द्या!" माझं मागणं पाण्याच्या मापाबद्दल नाही. पाणी कोणत्या दिवसांत, किती वेगाने चढवायचं आणि उतरवायचं, एवढ्याबद्दलच आहे.

नांदूरमध्यमेश्वरचं नाव आपल्याकडे थंडीत निघतं. डिसेंबर-जानेवारीत चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी होते, शाळांच्या सहली येतात, वर्तमानपत्रांत चक्रवाक आणि थापट्यांचे फोटो येतात. फेब्रुवारी सरताना हे पाहुणे उत्तरेकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर आपलं लक्षही निघून जातं. मग उन्हं तापतात, पाणी आटतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत इथल्या घरच्या पक्ष्यांची विणीची घाई सुरू होते. नदी सुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या, शेकाट्या, मोठा करवानक, आपली सगळ्यांची ओळखीची टिटवी हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे. त्यांना झाड नको, घरटं बांधायला काडी नको. वाळूत किंवा सुकलेल्या गाळात छातीने दाबून केलेला एक उथळ खळगा पुरतो. पाहुण्यांची एवढी सरबराई करणारे आपण घरच्या बाळंतिणीकडे मात्र ढुंकून पाहत नाही.

ही बेटं कुणी पक्ष्यांसाठी बांधली नव्हती. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे १९०७ ते १९१३ या काळात इंग्रजांनी कालव्यांसाठी बंधारा घातला. बंधाऱ्याने पाणी अडवलं, पाण्याबरोबर आलेला गाळही अडला. शंभर वर्षांत दोन नद्यांनी वरच्या डोंगरांची आणि शेतांची माती आणून इथे उथळ डबकी, दलदल आणि बेटं घडवली. जलसंपदा विभागाच्या हिशेबात हा सगळा तोटा आहे, कारण जितका गाळ तितका साठा कमी. पक्ष्यांच्या हिशेबात हाच नफा. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं. २०१९ मध्ये १,४३७ हेक्टर क्षेत्राला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. एक गंमत म्हणून सांगतो : या पाणथळीच्या रामसर नोंदीत आपल्या देवळालीचं नाव लावणारा एक इवलासा मासाही आहे, देवळाली मिनो, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. नाशिककरांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल, देव जाणे.

आता बेटच का, काठ का नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला कुत्रा, कोल्हा, मुंगूस, चरायला आलेली शेळी आणि माणसाचा पाय या सगळ्यांपासून एकच गोष्ट वाचवते, ती म्हणजे भोवतीचं पाणी. समुद्रावरचे पक्षीही हेच करतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय उघड्या दगडावर अंडी घालतात. लक्षद्वीपमधलं पिट्टी नावाचं बेट जेमतेम सव्वा हेक्टरचं, प्यायला गोडं पाणी नाही, माणूस राहत नाही, आणि म्हणूनच ते समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी नावाजलेलं आहे. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण नांदूरमध्यमेश्वरची बेटं तेच काम करतात.

फरक एका ठिकाणी आहे. समुद्राची भरती-ओहोटी पंचांगात सापडते. चंद्र कुठे आहे त्यावरून पाणी कुठवर येणार ते ठरतं आणि किनाऱ्यावरचा पक्षी त्या रेषेच्या वर अंडी घालतो. आपल्या बेटांची भरती-ओहोटी तुमच्या बैठकीत ठरते. पक्ष्याला ती कळण्याची सोय नाही. मार्चमध्ये पाणी उतरलेलं असतं, बेटाचा उतार उघडा पडलेला असतो, पक्षी ती जागा पाहून अंडी घालतो. पुढे आवर्तन सुटतं. वरच्या दारणा आणि गंगापूर धरणसमूहाचं पाणी नदीतून येतं, बंधाऱ्यामागे पातळी चढते, आणि मग ते कालव्यांच्या तोंडातून आत घेतलं जातं, डाव्या-उजव्या कालव्याने कोपरगाव-राहात्याकडे, जलद कालव्याने मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे. हे तंत्र आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला एवढंच दाखवायचं आहे की कालव्याच्या तोंडाशी चढणारं हातभर पाणी मागच्या बेटाच्या सपाट उतारावर बरंच आत सरकतं, आणि अंडी त्याच उतारावर असतात.

"टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण आपण बालपणापासून ऐकतो. तिच्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : किनाऱ्यावरची अंडी समुद्राने नेली, आणि टिटवीने हट्टाला पेटून ती परत मिळवली. गोष्टीत समुद्र शेवटी अंडी परत देतो. आमच्याकडचे शेतकरी टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अंदाजही बांधतात. उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर ओढ. हा आडाखा खरा की खोटा यात मी शिरत नाही. पण ज्या पक्ष्याकडून आपण पावसाचा निरोप घेतो, त्याला पाटाच्या पाण्याचा निरोप मात्र आपण देत नाही.

नदी सुरयाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण या सगळ्यांत त्याची परिस्थिती अवघड आहे. राखी पाठ, उन्हाळ्यात काळी टोपी, पिवळी धमक चोच आणि दुभंगलेली लांब शेपटी. हा नद्यांवरचा पक्षी, आणि नद्यांवरच्या वाळूच्या बेटांचं आपण जे केलं आहे त्यामुळे २०२० पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'असुरक्षित' ठरला आहे. त्याचा भाऊबंद, काळ्या पोटाचा सुरय, त्याही पुढे जाऊन 'संकटग्रस्त' आहे. नदी सुरय बहुधा तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचा, त्यावर तपकिरी ठिपके, दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. उबवायला तीन आठवडे लागतात, पिल्लू उडायला पुढे महिनाभर किंवा जास्त.

उबवणं हा शब्द इथे अर्धाच खरा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची वाळू इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. त्या वाळूत अंडं उघडं पडलं तर आतल्या आत शिजेल. मी काठावरून दुर्बिणीने पाहिलं आहे : सुरयाची मादी उठते, पाण्यावर जाते, पोट पाण्याला घासत दोन-तीन झेपा घेते, आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसते. पुन्हा उठते, पुन्हा भिजून येते. मध्येच नर चोचीत मासळी घेऊन येतो, ती देतो, आणि तिच्या जागी सावली करून उभा राहतो. हे ऊन उतरेपर्यंत चालतं. आमच्या बागेत त्या वेळी मजूर झाडाखाली बसलेले असतात, आणि त्यांनी बसावंच.

हे दृश्य मी पाहिलं ते नांदूरमध्यमेश्वरला नव्हे, नदीवरच्या एका लहान कोल्हापुरी बंधाऱ्याच्या मागे. तिथे बंधाऱ्याच्या फळ्या निघाल्या होत्या आणि नदीच्या मध्यावर वाळूचा एक पट्टा उघडा पडला होता. आवर्तनाचं पाणी अडवायचं म्हणून एका संध्याकाळी फळ्या परत बसवल्या गेल्या. कुणाचा दोष म्हणून सांगत नाही. पाणी अडवणं हेच त्या बंधाऱ्याचं काम, आणि फळ्या बसवणाऱ्याला वाळूच्या पट्ट्यावर काय आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळी पट्टा दिसेनासा झाला होता. सुरयांची जोडी त्या जागेवर घिरट्या घालत होती, खाली येत होती, पाण्याला टेकता टेकता वर उठत होती. दुपारपर्यंत ती तिथेच होती. फळ्या टाकायला महिनाभर थांबायलाही नको होतं, आधी कुणी नुसता फोन केला असता तरी पुष्कळ झालं असतं.

पाणी चढण्याचा धोका कुणालाही समजतो. उतरण्याचा धोका लवकर लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. आवर्तन संपलं, वरून येणारं पाणी थांबलं, कालव्यांनी उरलेलं ओढून घेतलं की बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाची वाट तयार होते. त्या दिवसापासून ते बेट राहत नाही. गावातली मोकाट कुत्री पहिल्याच रात्री पोचतात. त्यांच्या मागून गुरं जातात, आणि गुरांच्या मागे गुराखी. मध्य भारतातल्या चंबळ नदीवर नेमकं हेच होतं. पाणी कमी झालं की वाळूची बेटं काठाला जोडली जातात, आणि सुरय व पाणचिरा यांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जातात. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काठच्या गावांतलीच माणसं विणीच्या काळात घरट्यांची राखण करायला नेमली. लाख रुपयांचं यंत्र कुठलंच नाही. माणूस, छत्री, पाण्याची बाटली आणि दगड मारून कुत्रं हाकलण्याची मुभा.

आपण नांदूरमध्यमेश्वरला अभिमानाने 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतो. फलकांवर लिहितो, भाषणांत सांगतो. मग राजस्थानातल्या भरतपूरचं काय झालं तेही बैठकीत एकदा बोलायला हवं. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाची पाणथळ गंभीर नदीच्या पाण्यावर अवलंबून होती. वर पांचना धरण झालं. दुष्काळाच्या दिवसांत धरणकाठच्या शेतकऱ्यांनी उद्यानाला पाणी सोडायला विरोध केला, आणि त्यांचाही नाइलाज होता. २००४ च्या आसपास जागतिक वारसा म्हणून मिरवणाऱ्या त्या उद्यानात पाणीच उरलं नाही, झाडांवरच्या बगळ्या-करकोच्यांच्या वसाहती ओस पडल्या. पुढे दुसरीकडून पाणी आणायला नळ, कालवे, योजना असा मोठा खर्च करावा लागला. भांडण पेटल्यावर मार्ग काढणं महाग पडतं. आपल्याकडे ते भांडण अजून पेटलेलं नाही. नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून वर्षानुवर्षं जे चाललं आहे त्यात पक्षी अजून तरी पक्षकार नाहीत. त्यांना पक्षकार न करताच हा प्रश्न सुटावा असं मला वाटतं.

आणि सुटेलही. माझं म्हणणं असं आहे की उन्हाळी आवर्तनाची मोठी चढ मार्चच्या मध्याआधी एकदा घेऊन टाकावी, म्हणजे पक्षी त्या पातळीच्या वरच जागा धरतील. त्यानंतर मे अखेरपर्यंत जलाशयाची पातळी एका ठरावीक पट्ट्यात धरून ठेवावी. आवर्तन सुटेलच, पण वरून येणारी आवक आणि कालव्यांत जाणारी जावक यांचा मेळ असा ठेवावा की मधल्या जलाशयात फार चढउतार होणार नाही. आवर्तन संपताना कालव्यांची दारंही थोडी आधी, टप्प्याटप्प्याने खाली आणावीत, म्हणजे बेटाभोवतीचं पाणी तळाला जाणार नाही. यात शेतकऱ्याचा एक क्युसेकही कमी होत नाही. बदलतो तो फक्त दारं फिरवण्याचा क्रम, आणि दारं फिरवणाऱ्या माणसाला त्यासाठी वेळापत्रक हातात हवं. पिण्याच्या पाण्याची तातडी आली, वळवाचा मोठा पाऊस आला, तर नियम मोडेल, ते समजण्यासारखं आहे. पण नियम असला तर तो मोडल्याचं कळेल तरी.

हे होणार नाही असं कुणी म्हटलं तर मी त्याला आपल्याच जिल्ह्यातलं वाघाड धरण दाखवीन. ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांनी पाणीवापर संस्थांची जी चळवळ उभी केली, तिने पाणी मोजून घेणं, आपसात वाटून घेणं आणि त्याची पट्टी भरणं हे सगळं शेतकऱ्यांच्या हाती आणलं. वाघाडच्या शेतकऱ्यांनी अख्ख्या प्रकल्पाचं पाणी संस्थांमार्फत सांभाळून दाखवलं. घनफुटांचा हिशेब करणारे शेतकरी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे जलाशयाची पातळी मोजायच्या पट्टीवरचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवणं अवघड का जावं? म्हणूनच या पत्रात पाणीवापर संस्थांचं नाव मुद्दाम घातलं आहे. अधिकारी बदलून जातात. आम्ही इथेच आहोत.

गाळाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर या पत्राला गोदाकाठी कुणी विचारणार नाही. चांदोरी आणि सायखेड्याच्या लोकांनी २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिले आहेत. घरात पाणी शिरणं, दुकानातला माल वाहून जाणं, सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा गठ्ठा अडकून पाणी मागे फुगणं हे त्यांनी भोगलं आहे. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, ही त्यांची मागणी रास्त आहे आणि तिला विरोध करणाऱ्याने आधी चांदोरीत एक पावसाळा काढावा. पण गाळ काढणं आणि बेटं खरवडून सपाट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर वाहतो मुख्य धारेतून. धार मोकळी करा, तिच्यात उगवलेल्या बाभळी आणि बेशरम काढा, पुलांच्या मोऱ्या साफ ठेवा, आणि ज्या बेटांवर वीण होते ती आधी नकाशावर आखून, खांब रोवून, त्यांना हात न लावण्याची अट कंत्राटातच घाला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकरी गाळ आपल्या शेतात वाहून नेतो. त्याला गाळ कुठून उचलायचा हे दाखवलं तर तो तिथूनच उचलेल. फक्त पोकलेन मार्च ते मे चालवू नका. अडचण इथेच आहे, मला कल्पना आहे, कारण पाणी उतरतं तेव्हाच यंत्र उतरतं. म्हणून बेटांपासून लांबच्या पट्ट्यात उन्हाळ्यात काम आणि बेटांच्या जवळचं काम जानेवारी-फेब्रुवारीत, असा क्रम लावावा लागेल. त्या वेळी पाहुणे पक्षी असतात, तेही दुखावतील थोडे. पण त्यांना उडून दुसरीकडे जाता येतं, अंड्यांना येत नाही.

गाळपेरीचंही तसंच. उघड्या पडलेल्या गाळावर काकडी-टरबूज लावून चार पैसे मिळवणारा माणूस बहुधा गरीब असतो आणि त्याच्यावर दंडुका उगारावा असं मला वाटत नाही. जमीन देतानाच बेटं वगळून द्यावी, एवढंच.

वन्यजीव विभागाकडे एक वेगळी विनंती आहे. बेटं नुसती राखून चालत नाही, ती उघडीही राहावी लागतात. गाळ सुपीक असतो, शहराच्या सांडपाण्याने तो आणखी सुपीक होतो, आणि दोन-तीन वर्षांत बेटावर बेशरम, पाणकणीस आणि गवत माजतं. गवतात हळदी-कुंकू बदक आणि जांभळी पाणकोंबडी सुखाने राहतील, पण सुरय आणि आर्ली तिथे पाय ठेवणार नाहीत, त्यांना चहूकडचं दिसायला हवं. म्हणून काही बेटं गवताची आणि काही बोडकी, अशी वाटणी करून बोडकी बेटं दर फेब्रुवारीत साफ करून घ्यावीत. हे काम चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगावच्या लोकांना मजुरी देऊन करता येईल. राखणीलाही तीच माणसं चालतील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवाची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांनाच राखणदार केलं, पुढे त्यातून कासव महोत्सव उभा राहिला आणि गावातल्या घरांना पाहुण्यांचं उत्पन्न मिळू लागलं. आपल्याकडे मे महिन्यात पर्यटक आणण्याची मात्र काही गरज नाही. कॅमेरे घेऊन बेटावर चालत जाणारे आणि अंड्यांवर ड्रोन उतरवणारे हौशी लोक कुत्र्यांपेक्षा कमी नाहीत.

काठच्या बाभळींवर पावसाळ्यात बगळे, पाणकावळे आणि शराटी वसाहत करतात. ती झाडं राखण्याबद्दल आपण जाणताच.

कायद्याचा दाखला देण्याची मला हौस नाही, पण कागदावर असलेली गोष्ट कागदावर राहू नये म्हणून लिहितो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं मना आहे. त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंही येतं. म्हणजे आवर्तनाचा आणि अभयारण्याचा संबंध कायद्याने आधीच जोडलेला आहे, फक्त दोन विभागांनी एका टेबलावर बसायचं राहिलं आहे. कोर्टाची पायरी कुणी चढावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. कोर्टात गेलं की आवर्तनालाच स्थगिती मागितली जाईल, आणि मग माझी बाग, तुमचं वेळापत्रक आणि सुरयाची अंडी सगळंच तारखांवर लटकेल.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडात पाणी स्वच्छ आणि वाहतं दिसावं म्हणून गोदावरीवर बरीच कामं निघतील, वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचंही नियोजन होईल. शहरातून निघालेलं प्रत्येक पाणी, स्वच्छ असो की घाण, शेवटी नांदूरमध्यमेश्वरलाच येऊन थांबतं. सिंहस्थाच्या नियोजनात या पाणथळीचं नाव कुठल्या तरी रकान्यात यावं, इतकं तरी समितीने पाहावं.

आता नेमकं काय व्हावं ते एकत्र सांगतो. उन्हाळी आवर्तनाच्या पुढच्या बैठकीला वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्यांना निमंत्रण द्यावं, आणि त्यांनी येताना बेटांचा नकाशा आणावा. बैठकीच्या इतिवृत्तात जलाशयाची विणीच्या काळातली किमान आणि कमाल पातळी आकड्यांत लिहावी. पाणी मागणी अर्जाची मुदत कळवणारं जाहीर प्रकटन वर्तमानपत्रात येतं, त्यातच आवर्तनाच्या तारखांबरोबर ही पातळीही छापावी, म्हणजे पाटकऱ्यापासून राखणदारापर्यंत सगळ्यांना ती एकाच दिवशी कळेल. पातळी या ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर न्यावीच लागली, तर दोन दिवस आधी बेटांवरच्या राखणदाराला कळवावं.

बैठकीची तारीख ठरली की आम्हा शेतकऱ्यांनाही कळवावी. नमुना सात भरायला मी शाखा कार्यालयात येणारच आहे. गेल्या वर्षीच्या मार्च ते मे महिन्यांतली पातळीची नोंदवही तेव्हा पाहायला मिळाली, तर या मागणीतले आकडे मी स्वतः लिहून देईन.

कळावे,
आपला,
एक द्राक्षबागायतदार
गोदाकाठ, ता. निफाड, जि. नाशिक